दोन बोटं पाणी

गिरमिट चार फूट खाली उतरले आणि ते फिरवणाऱ्या गड्याचे हात एकाएकी हलके झाले. त्याने दांडा वर ओढला. पात्याला धरून आलेली माती काळी नव्हती. निळसर, लोण्यासारखी होती, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होते.

भोवती जमलेली माणसे दोन पावले पुढे सरकली. त्र्याहत्तर सालचा मार्च होता. राहात्याच्या त्या पंचक्रोशीत विहिरींचे तळ उघडे पडून त्यांना भेगा गेल्या होत्या, कालव्याचे आवर्तन आले तर पिण्यापुरते येत होते, आणि सरकारी रस्त्याच्या कामावर अर्धे गाव खडी फोडत होते. अशा वर्षी, छबूबाईच्या तीन एकर उजाड तुकड्यात, कुणी न बोलावता पाणी चार फुटांवर येऊन उभे होते.

"बगा की," बन्सी म्हणाला, "गावच्या समद्या हिरी आटल्या, अन् आमच्या काकीनं पाणी पोटात दडवून ठिवलंय!"

हशा पिकला. बन्सी हा छबूबाईच्या नवऱ्याचा चुलत पुतण्या. त्याचे रान तिच्या बांधापासून सुरू होई ते थेट ओढ्यापर्यंत जाई. एरवी तिथे ऊस उभा असे. यंदा नुसती वाळकी बुडखी उरली होती.

छबूबाई बांधावर बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, काटकुळी, पण पाठ ताठ. "दडवलंय ना? मग ये की घागर घिऊन," ती म्हणाली. "पी पोटभर. वर्सभर जुलाबाचं औषिद लागायचं न्हाई तुला."

पुन्हा हशा झाला, ह्या खेपेला बन्सीवर. पण तो लवकर विझला, कारण तिच्या बोलण्यातले खरे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पसरले होते. बांधापासून बांधापर्यंत जमिनीवर पांढरा खार फुटला होता. उन्हात तो असा दिसे की जणू रात्री कुणी येऊन साऱ्या रानाला चुना फासून गेले असावे. मधूनच काळे, तेलकट डाग. कडेची बाभळ उभ्या उभ्या वठली होती.

मातीची तपासणी करायला आलेले साहेब तरुण होते. त्यांनी तो ओला गोळा फडक्याच्या पिशवीत भरला आणि हात झटकले.

"हे पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं, आणि मीठ मागे ठेवतं," ते म्हणाले. "जमीन मेलेली नाही. गुदमरलीय. ओढ्यापर्यंत खोल चर काढला तर पाणी निघून जाईल. रस्त्याच्या कामावरची माणसं सोमवारी मोकळी होतायत. मी त्यांना इथे लावू शकतो. पण एक गोष्ट कळल्याशिवाय नाही. हे पाणी आलं कुठून? साऱ्या कालव्याचाच पाझर असेल, तर एका चरानं काही साधणार नाही. तो कागद वर जाईल आणि वरच राहील. पण ह्याच शेताला हिश्शापेक्षा जास्त पाणी मिळत आलं असेल, आणि ते आता थांबलं असेल, तर चर उपयोगाचा आहे. उद्या सकाळी मी पुन्हा येतो. कुणाला माहीत असेल त्यानं सांगावं."

"सांगायचं काय त्यात?" बन्सी म्हणाला. "बांधावरच्या म्हसोबाला धा वर्सं नारळ न्हाई. कोप हाय रानावर. बाईच्या हातची शेती, दुसरं काय."

छबूबाईने रानाच्या कडेने जाणाऱ्या पाण्याच्या चारीकडे पाहिले.

चारीच्या भरावावर मोझेस त्रिभुवन उभा होता. अंगात खाकी, छातीवर पितळी बिल्ला, खांद्यावर खोरे. कालव्यातून फुटलेल्या त्या चारीचा तो पाटकरी. कुणाच्या रानाला केव्हा आणि किती वेळ पाणी सोडायचे, ते त्याच्या हातातल्या किल्लीवर ठरे. अठ्ठावीस वर्षे तो ह्या भरावावरून चालला होता, आणि निवृत्तीला आता दोनच महिने राहिले होते. छबूबाईची नजर त्याच्यापर्यंत आली, त्याच्यावरून सरकली आणि पलीकडच्या आभाळात जाऊन थांबली.

त्या प्रश्नाचे उत्तर साऱ्या गावात दोघांनाच ठाऊक होते.

अठ्ठावन्न साली नवरा, गहिनीनाथ, तापाने गेला तेव्हा छबूबाई पस्तिशीत होती. मूलबाळ नव्हते. भाऊबंदांना वाटले, बाई माहेरी जाईल. ती गेली नाही. तिने शाळू पेरला. पण पाण्याची पाळी माणसाची सोय पाहून येत नाही. तिची पाळी आली की आजूबाजूच्या रानातले लोक, बन्सीसुद्धा, मध्येच चारी फोडून घेत. ती खोरे घेऊन धावे तोवर पाट कोरडा झालेला असे. एकदा मोझेसने तिला त्या कोरड्या पाटात उभी पाहिले. ती रडत नव्हती, कुणाला शिव्याही घालत नव्हती. फक्त खाली वाकून पाटाच्या तळाची ओल हाताने चाचपत होती, झोपेतल्या माणसाचा ताप पाहावा तशी.

त्या दिवशी चारीवरचे तिच्या रानाचे दार बंद करताना त्याने किल्लीचे शेवटचे दोन फेरे दिले नाहीत. लोखंडी पत्रा तळाला टेकायचा दोन बोटे राहिला. गवतात ते कुणाला दिसले नाही. आवर्तन चालू असेतो पाण्याची एक बारीक धार, कुणाच्या पाळीची वाट न पाहता, तिच्या रानात जात राहिली. पुढच्या आवर्तनाला तसेच झाले, त्याच्या पुढच्यालाही. ती सवय झाली, आणि मग सवयीहून अधिक काहीतरी झाले, ज्याला मोझेसने कधी नाव दिले नाही.

ह्याविषयी ते एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. फक्त दर पौषात दाराच्या दगडावर फडक्याने झाकलेली एक पाटी असे. तिच्यात कोवळ्या शाळूची कणसे, भाजून हुरडा करण्याजोगी. त्या रानाचा हुरडा असा की भाजताना वास वाऱ्यावर चारीभर पसरे. काळ्या मातीला त्या दिवसांत एक खोल, गार श्वास होता. मोझेस अनवाणी चालताना तो तळव्यांना कळे.

मग एका वर्षी रानाच्या खोलगट भागात, गाय बसून उठावी एवढ्या जागेत, पाने पिवळी पडली. शेंडे करपले. मोझेसने ते भरावावरून पाहिले आणि त्याला वाटले, तहान आहे. पाटकऱ्याला दुसरे काय वाटणार? त्याने किल्लीचा आणखी एक फेरा कमी केला. दोन बोटांची तीन बोटे केली. दुसऱ्या वर्षी ती पिवळी जागा बैलगाडीएवढी झाली, तिसऱ्या वर्षी खळ्याएवढी. आणि तो पाणी वाढवीत राहिला. ज्या दिवशी त्याला पहिल्यांदा पांढरे दिसले त्या दिवशी त्याने दार पुरते आवळले. पण तोवर पाटीत कणसांऐवजी नुसती बोरे येऊ लागली होती, आणि मग पाटीच यायची थांबली होती.

संध्याकाळी मरिया चुलीपुढे रेशनच्या लाल मिलोची भाकरी थापत होती. ती पिठाला पुन्हा पुन्हा गोळा करी आणि भाकरी पुन्हा पुन्हा फाटे.

"ह्या अमेरिकेच्या जवारीला चिकटपनाच न्हाई," ती म्हणाली. "मान्सासारखी हाय. वरून लाल, आतून भुगा." मग, तव्याकडेच पाहत: "सायबानं इचारलं म्हनं पाण्याचं."

मोझेस भिंतीला टेकून बसला होता. "व्हय."

"मग? काय सांगनार?"

त्याने तिच्याकडे चमकून पाहिले. एवढ्या वर्षांत तो तिच्याशी ह्याबद्दल कधी बोलला नव्हता.

"अवो, आसं काय बगता?" मरिया म्हणाली. "धा वर्सं दर पौषात पाटीभर हुरडा घरात यायचा. मी काय समजत हुते, कालव्यातनं वाहून येतोय?"

"कधी बोलली न्हाईस."

"बोलायचं काय? मी बी खाल्लाय तो." तिने भाकरी उलटली. धूर तिच्या डोळ्यांत गेला असावा; तिने पदराने डोळे पुसले. "पैल्यांदा वाईट वाटलं. मग एकदा बाजारात दिसली मला. एकटी. टोपलीत धा लिंबं, अन् ती बी कुनी घेईना. तवापासनं न्हाई वाटलं."

मोझेसने पुढे सरकून चुलीत एक काटकी घातली.

"खरं सांगितलं तर चर हुईल," मोझेस म्हणाला. "माझी चवकशी लागंल. लागू दे. पन तिचं नाव निघंल, मरिया. एकटी बाई. बन्सीसारखे लोक हायेत. पाटकरी फुकट पाणी का देत हुता, आसं इचारतील. अन् न सांगावं तर रान गेलं. कोप झाला म्हून आयुष्यभर तिलाच बोल."

"रान तिचं हाय. नाव बी तिचंच हाय," मरिया म्हणाली. "तुमी तुमचं तेवडं सांगा. तिचं तिला ठरवू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची जीप चारीच्या कडेला थांबली तेव्हा कालच्यापेक्षा जास्त माणसे होती. खडी फोडायला निघालेल्या बायासुद्धा डोक्यावरची घमेली खाली ठेवून उभ्या राहिल्या. साहेबांनी भोवती पाहिले. "बोला, कुणी सांगणार आहे का?"

मोझेसने खांद्यावरचे खोरे खाली ठेवले. "सायेब," तो म्हणाला. "ते दार..."

"दाराखाली मी धोंडा घालत हुते," छबूबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती पुढे आली होती. आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव सांगावा तितका सरळ होता.

"माजी पाळी समदे मोडायचे. म्हून दार बंद व्हायच्या येळंला मी खाली धोंडा सरकवायची. दोन बोटं फट ऱ्हायची. तेवडंच पाणी रानात जायचं. पाटकऱ्याला काय ठावं नव्हतं. चोरी माजी हाय. काय दंड असंल तो मला करा."

मोझेसला दिसले की ह्या खोट्यात एकही फट नाही. धोंडा ही गोष्ट साहेबांना पटेल, लोकांना पटेल. त्याच्या खाकीला डाग लागणार नाही. आणि उत्तर मिळाले म्हणून चरही खणला जाईल. तिने हे रात्रभर बसून घडवले असावे. पंधरा वर्षांनंतर ती पहिल्यांदा त्याच्यासाठी काही बोलली होती, आणि त्याने गप्प राहावे एवढेच तिचे त्यात मागणे होते.

गप्प राहणे त्याला फार सोपे होते. तो आयुष्यभर गप्पच राहिला होता.

"खोटं हाय सायेब," मोझेस म्हणाला. "धोंडा आसता तर मला दिसला आसता. रोज बगतो मी ते दार. दोन बोटं मीच सोडत हुतो. बाईनं कधी मागितलं न्हाई. मीच. पानं पिवळी पडली तवा मला वाटलं तान लागलीय, म्हून आनखी सोडलं." त्याने बिल्ल्यावर हात ठेवला, जणू तो जागेवर आहे की नाही हे पाहत होता. "ह्या रानावर कुनाचा कोप न्हाई. माजं पाणी हाय ते."

बायांपैकी एकीने घमेले उचलून पुन्हा खाली ठेवले.

"म्हंजे दोघांनी मिळून रान बुडवलं म्हना की," बन्सी म्हणाला. त्याच्या सुरात जे होते ते सगळ्यांना समजले.

"व्हय," छबूबाई म्हणाली. तिने पदर नीट केला आणि बन्सीकडे सरळ पाहिले. "अन् माजी पाळी मोडून तू जे पाणी घेतलंस, त्यानं तुजं रान तरलं म्हन की."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. मोझेसला नंतर कळले, त्यांनी फक्त एवढेच लिहिले होते: दार तळाला पूर्ण टेकत नव्हते, आता टेकते. माणसाचे नाव लिहिले नव्हते.

"पाणी आणायला सगळे चाऱ्या खोदतात, पाटकरी," ते हळू आवाजात म्हणाले. "बाहेर न्यायला कुणी खोदत नाही. तुमची एकट्याची चूक नाही ती." मग ते बन्सीकडे वळले. "चर तुमच्या रानातून काढावा लागेल."

"माज्या रानाचे दोन तुकडे? न्हाई जमायचं. तिचं मीठ तिनं खावं."

साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी गड्याला खूण केली. गिरमिट बन्सीच्या बांधाच्या आत, उसाच्या बुडख्यांमध्ये उभे राहिले आणि फिरू लागले. चार फूट. पाच. बन्सी हाताची घडी घालून उभा होता. सहाव्या फुटाला गड्याचे हात हलके झाले.

पात्यावरून निळसर माती ठिबकताना बन्सीने हाताची घडी सोडली. तो वाकला, तो गोळा त्याने बोटांनी चिरडला, आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिला.

"मधनं न्हाई," शेवटी तो म्हणाला. आवाज बदलला होता. "कडंकडंनं काढा. बांधाच्या."

"बांधानं गेला तर वळण घ्यावं लागेल. उतार कमी पडेल. निम्मंच पाणी निघेल."

"निम्मं तर निम्मं," बन्सी म्हणाला. "समदंच कुनाचं निघतंय, सायेब."

चर सव्वीस दिवसांत झाला. खडी फोडणाऱ्या हातांनी तो खणला. दुपारी खायला सुकडीची पाकिटे वाटली जात तेव्हा छबूबाई त्या बायांमध्ये बसे, आणि सुरुवातीला ज्या तिच्याकडे चोरून बघत त्या पुढे तिला आपल्या सासवांच्या कागाळ्या सांगू लागल्या. मोझेसची चौकशी झाली नाही, पण निरोपाचा हारही गळ्यात पडला नाही. मेअखेर त्याने किल्ली जमा केली आणि तो घरी आला. त्या जूनमध्ये पाऊस पडला. चराच्या तोंडाशी, ओढ्याच्या काठावर, गढूळ पांढरे पाणी कित्येक दिवस वाहत राहिले, आणि ओढ्याच्या त्या वळणावरचे मासे उताणे होऊन काठाला लागले. रानाचे दुखणे ओढ्याने घेतले, आणि ओढ्याचे पुढे कुणी घ्यायचे ते कुणी विचारले नाही.

साहेबांनी खार मोडायला जिप्समची पोती पाठवली. हिरवळीच्या खताचा धैंचा पेरायला सांगितला. पिवळी फुले आली की तो नांगरून मातीत गाडायचा. छबूबाईने तो दोन वर्षे पेरला आणि दोन्ही वर्षे, भर फुलात, गाडला. "आयुष्यात पैल्यांदा उभं पीक मोडलं," ती नांगर हाकणाऱ्या गड्याला म्हणाली, आणि बैलांच्या मागे दिवसभर अनवाणी चालत राहिली. जमीन केव्हा पूर्ववत होईल असे तिने साहेबांना विचारले तेव्हा ते म्हणाले होते, आठ वर्षे, दहाही लागतील. तिने मान हलवली. त्या हिशेबात ती स्वतः कुठे बसते, हे तिने विचारले नाही.

चौऱ्याहत्तर साल सरता सरता, पौषातल्या एका दुपारी, मोझेस त्या बाजूने जात होता. अंगात खाकी नसल्यामुळे त्याला वाराही अनोळखी वाटे. रानाचा मोठा भाग अजून फिकटच होता, पण चराच्या कडेला गुंठाभर जागेत शाळू उभा होता. गुडघ्याच्या वर फारसा गेलेला नव्हता. कणसे मुठीएवढी, आणि दुरूनही कळे की त्यांत दाणा भरलेला नाही.

चार मेढींवर फळी टाकून केलेल्या माळ्यावर छबूबाई बसली होती. मांडीवर गोफण होती.

तो बांधाशी थांबला. "राखन करताय?"

"व्हय."

"कशाची, छबूबाई? दाना तर न्हाई."

"दाना न्हाई ते दिसतंय मला, पाटकरी." अजूनही ती त्याला पाटकरीच म्हणे. "सायबाचा मातीचा कागद यायला वर्स लागतं. पाखरांना लवकर कळतं. रान सुधारलं का न्हाई, ते आधी त्यांना कळनार."

"मग गोफन कशाला?"

ती थोडी लाजली असावी. "हातात काय तरी पायजे म्हून. हाकलायची न्हाईत. आलं एखादं तर नुस्तं बगायचं हाय."

मोझेसने मागे पाहिले. रस्त्यावरून बाजाराची माणसे जात होती, ओळखीची. बन्सीची गाडी होती. एवढ्या वर्षांत तो ह्या बांधावर कधी बसला नव्हता. भरावावरून पाहत गेला होता. त्याने चपला काढल्या आणि तो बांधावर बसला.

दुपार कलत गेली. ऊन मऊ झाले. कुणी काही बोलले नाही, आणि न बोलण्यात आता लपवण्यासारखेही काही नव्हते. मग पश्चिमेकडून, कालव्याच्या अंगाने, ज्वारीवर येणाऱ्या भोरड्यांचा एक थवा आला. दोनशे असतील, तीनशे असतील. तो रानावर आला, आणि एकदम, जणू कुणी हाक मारली म्हणून, वळला, खाली उतरला, कणसांच्या शेंड्यांपर्यंत आला. छबूबाई माळ्यावर उठून उभी राहिली. पंखांची सळसळ तिच्या पदराला लागली. थव्याने एक पूर्ण वेढा घेतला. त्याची सावली शाळूवरून, चरावरून, पांढऱ्या मातीवरून, बांधावर बसलेल्या माणसाच्या पायांवरून सरकत गेली. मग तो वर उचलला गेला आणि बन्सीच्या हिरव्या उसावरून पलीकडे, दुसऱ्या कुणाच्या तरी रानाकडे निघून गेला.

ती बराच वेळ तिकडे बघत उभी होती.

"आल्ती," ती म्हणाली.

"व्हय," मोझेस म्हणाला. "आल्ती."